चौथा हात रिकामा आहे

पत्रातला प्रश्न, थोडक्यात: वय ६९. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, मूळच्या मिरजेच्या. मिस्टर गेल्यावर मुलगा-सून त्यांना पुण्याला घेऊन आले. वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, दोघंही हिंजवडीत नोकरीला. तेव्हा नातू ३ वर्षांचा होता, त्याला स्कूलबसमधून उतरवून घेणं, भरवणं, झोपवणं सगळं आजीनं केलं. आता तो १२ चा झालाय, खोलीचं दार लावून घेतो, "आजी, नॉक कर ना" म्हणतो, काही सांगायला गेलं तर "हे तू सांगितलंयस" म्हणतो. स्वयंपाकाला बाई आहे. मिरजेला तीन मैत्रिणी, चौघी एकाच शाळेतल्या, तीसेक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी चहा आणि मेंढीकोट. त्यांच्या पत्त्यांच्या कॅटमधली बदामाची दश्शी कधीच हरवलीय, जोकरवर पेनानं दहा लिहून काम चालवतात. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती परवा फोनवर म्हणाली, "ये गं, चौथा हात रिकामा आहे." हे घरी सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "आई, इथे काय कमी आहे तुला?" सून काहीच बोलली नाही. मिरजेचं घर बंद राहून खराब होतंय, विकून टाकू, असंही मुलाच्या बोलण्यात येतं. ताई विचारतात: मी आता इथे कोणाला लागत नाही, मग परत जावं का? लोक म्हणतील सुनेशी पटलं नाही. पुण्यात नवीन मैत्रिणी कराव्यात तर या वयात नवीन मैत्री होत नाही. आणि या वयात मैत्रिणींसाठी मुलाचं घर सोडून जाणं शोभतं का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या जोकरपाशी थांबले. इतकी वर्षं चौघी मिळून एका जोकरला बदामाची दश्शी म्हणताय, कॅट काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण एकीलाही वाटलं नाही की चला आता नवीन आणू. अशा तीन बायका तुम्हाला आहेत आणि तुम्ही मला विचारताय त्यांच्यासाठी जाणं शोभतं का. शोभतं हो ताई. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

पण जायचं कारण तुम्ही जे लिहिलंय ना, की मी इथे कोणाला लागत नाही, ते मला पटलं नाही. मैत्रिणी हव्याशा वाटतात म्हणून जा. "लागत नाही" म्हणून गेलात तर मिरजेत बसूनही तुम्ही पुण्याच्या फोनची वाट बघत राहाल, आणि एक दिवस फोन आला नाही की म्हणाल, बघा, मला माहीतच होतं. गुरुवारच्या पत्त्यांतही मग मन लागायचं नाही. म्हणून आधी हे लागण्या-न लागण्याचं बघू, मग तिकिटाचं.

तुम्ही शिक्षिका, मी बँकेत होते, आपल्या पिढीच्या नोकरी केलेल्या बायकांना एक सवय असते, दिवस संपला की मनातल्या मनात यादी करायची, आज काय काय उरकलं. यादी मोठी असेल तर झोप छान लागते. तुमच्या यादीत नऊ वर्षं नातू होता. दूध, डबा, बस, अभ्यास, गोष्ट, झोप. आता त्यातलं एकेक काम तो स्वतः करायला लागला, यादी रिकामी झाली, आणि तुम्ही त्यातून अर्थ काढलात की मीच नको झाले. पण तो बस-स्टॉपवरून एकटा वर येतो, ताट वाढून घेतो, ही तुमचीच तर शिकवण आहे! पहिलीच्या वर्गातली मुलं चौथीत गेल्यावर स्वतः वाचायला लागली तेव्हा तुम्हाला आनंदच व्हायचा ना.

आणि खरं सांगा, "आता तुझी गरज नाही" असं घरातलं कोणी बोललंय का? पत्रात मी शोधलं, मला तसं वाक्य सापडलं नाही. बारा वर्षांचा मुलगा दार लावतो ते तुमच्यासाठी लावत नाही, आईबाबांसाठीही तितकंच लावतो, आणि "नॉक कर ना" म्हणतो म्हणजे ये म्हणतोय, फक्त सांगून ये म्हणतोय. माझी नात तेरा-चौदाची असताना दीडेक वर्ष माझ्याशी चार शब्दांच्या वर बोलली नसेल, हो, नाही, ठीके, नंतर. मला फार लागलं होतं तेव्हा. मग दहावीच्या वर्षी एका रात्री साडेबाराला माझ्या खोलीत आली आणि म्हणाली आज्जी भूक लागलीय, आईला उठवू नको. तूप-मेतकूट-भात केला, ती ओट्यावर बसून जेवली आणि पाऊण तास बोलली, मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताची भीती, सगळं. त्यानंतर ते आमचं नेहमीचंच झालं. म्हणजे मुलं परत येतात, फक्त वेळ त्यांची असते.

त्याचं "हे तू सांगितलंयस" मात्र मी मनावर घेईन, कारण ते त्याचं बरोबरच असणार. लहानपणी त्याला तीच गोष्ट रोज हवी असायची, आता नवीन हवी. तर त्याला असं काहीतरी सांगा जे तुम्ही अजून कोणालाच सांगितलं नाही. तुमच्या वयाचा हिशोब केला तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तुम्ही साधारण आत्ता तो आहे तेवढ्याच होतात. कोयनेचा भूकंप. मिरजेत तो कसा जाणवला, घरातले सगळे कसे अंगणात धावले, कोणी काय उचललं, दिवसभर मोठी माणसं काय बोलत होती, हे तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार? पुस्तकात तो एका ओळीत येतो. १९७२ चा दुष्काळ झाला तेव्हा तुम्ही शाळेच्या शेवटच्या वर्षांत असाल, रेशनवरचा तो लाल मिलो, त्याच्या भाकरी, सुकडीचा वास. किंवा अगदी अलीकडचं, २०१६ च्या एप्रिलमध्ये तुमच्या मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी गेलं होतं, तहानलेल्या शहरासाठी पाण्याची अख्खी ट्रेन भरून. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, तो फोनवर फोटो शोधेल आणि तुम्हालाच दाखवायला आणेल. आणि तुमच्या फजित्या सांगा. तुम्ही नापास झाला असाल, खोटं बोलून पकडल्या गेल्या असाल, ते त्याला उपदेशाच्या गोष्टींपेक्षा शंभरपट आवडेल.

आता एक मला मनापासून सांगायचंय ते सांगते. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत, अजूनही बरंचसं अन्न रानातून गोळा करून जगणारे. तिथे क्रिस्टन हॉक्स नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की वय झालेल्या बायका रोज तासन् तास कंदमुळं खणतात आणि नातवंडांना खाऊ घालतात, विशेषतः आई नवीन बाळाला पाजत असते तेव्हा मोठ्या भावंडाचं पोट आजीच्या खणण्यावर चालतं. त्यावरून त्यांनी असं मांडलं की मूल व्हायचं वय संपल्यावरही माणसाच्या बायका इतकी वर्षं जगतात त्यामागे ही आजीच असावी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, घरभर सांगत सुटले होते. पण नंतर त्यातली दुसरी गोष्ट लक्षात आली. त्या बायका खणायला एकट्या जात नाहीत. टोळीनं जातात, म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या, सगळ्या मिळून.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? उन्हाळ्यात पापड एकटीनं लाटले का कधी कोणी? कुरडयांचा चीक शिजला की आळीतल्या चार जणी सोऱ्या घेऊन गच्चीवर हजर. गव्हाच्या शेवया, तिखट कांडणं, पाण्याच्या नळावरची रांग. घरचं काम आणि मैत्रिणी हे एकाच ठिकाणी असायचं, वेगळा वेळ काढावाच लागायचा नाही, त्यामुळे मैत्री हीसुद्धा एक गरज आहे असं कोणाला वाटायचंच नाही. अकराव्या मजल्यावर तुम्ही नऊ वर्षं आजीचं काम केलंत, पण टोळी नव्हती. काम होतं तोपर्यंत ते जाणवलं नाही. आता काम संपलं आणि टोळी नाहीये हे उघडं पडलं, एवढंच झालंय. नातवाचं प्रेम कमी झालेलं नाही.

म्हणून तुमच्या मुलाच्या प्रश्नाला तुम्हाला उत्तर सुचलं नाही. "इथे काय कमी आहे तुला?" असं विचारताना त्याच्या डोळ्यासमोर एसी, औषधं, गीझर, फळं, डॉक्टर हे आहे, आणि त्यातलं खरंच काही कमी नाहीये, त्या बिचाऱ्यानं प्रेमानंच सगळं जमवलंय. कमी काय आहे ते मी सांगते तुम्हाला, माझ्यावरून. आमचे हे गेल्यावर चार-पाच महिन्यांनी एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मला माझ्या नावानं हाक मारणारं ठाण्यात कोणी उरलेलं नाही. मी आई होते, आजी होते, बिल्डिंगमध्ये काकू होते, बँकेत पेन्शनला गेले की मॅडम. त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला, ती रत्नागिरीला असते, आणि तिनं माझं माहेरचं नाव अर्धं तोडून, पुढे "गं मेले" लावून जी हाक मारली ना, मी फोन धरून रडले. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. तुम्हाला मिरजेच्या त्या तिघी काय नावानं हाक मारतात ते पत्रात नाही, पण आजी नक्कीच म्हणत नसणार.

तर मुलाशी बोलताना हे सांगा. भांडणासारखं नको, जेवणाच्या टेबलावर तर नकोच, तिथे सगळे दमून आलेले असतात. रविवारी सकाळी दुसऱ्या चहाला बसा आणि सुनेलाही बसवा. शब्द नीट निवडा. "मला इथून जायचंय" आणि "मला तिथे जायचंय" यात फार फरक आहे, पहिलं ऐकलं की मुलगा लगेच विचार करतो आपण कुठे कमी पडलो, आणि चिडतो, त्याचं ते चिडणं म्हणजे घाबरणं असतं. दुसरं म्हणा. मैत्रिणींची नावं घेऊन म्हणा. अमकीचा गुडघा झालाय, तिला घरात फिरवायला कोणी नाही, मला तिच्यापाशी बसायचंय. मुलं ऑफिसवाली आहेत, त्यांना आकडेवारी पटते, तर हेही सांगा: अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ पासून काही माणसांच्या अख्ख्या आयुष्याचा मागोवा घेतलाय, पुढे त्यांची मुलंही त्यात घेतली, अजून चालू आहे तो अभ्यास, आणि त्यातून ठळकपणे पुढे आलेली गोष्ट हीच की ज्यांची नाती जिव्हाळ्याची ती माणसं म्हातारपणी जास्त सुखी आणि जास्त धडधाकट राहिली. म्हणजे गुरुवारचा मेंढीकोट हा तुमच्या बीपीच्या गोळीच्याच शेजारी ठेवायचा विषय आहे.

सुनेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीयत, ती काहीच बोलली नाही. आणि त्या एका ओळीवरून तुम्ही बरंच काही ठरवून टाकलंय असं मला वाटलं, माफ करा. ती बोलली नाही याची मला निदान तीन कारणं दिसतात. जा म्हटलं तर घालवते असं होईल, राहा म्हटलं तर अडवते असं होईल, आणि तिसरं म्हणजे तुम्ही गेलात तर संध्याकाळी घरी कोणीतरी आहे हा जो तिचा नऊ वर्षांचा आधार आहे तो जाईल आणि ते बोलून दाखवायचा तिला संकोच वाटत असेल. तिला एकटीला विचारा. "तुला काय वाटतं गं, खरं सांग, मी रागावणार नाही" असं, आणि मग खरंच रागावू नका. आणि जाण्याच्या आधी चार माणसांत तिनंच म्हटलं की आई मैत्रिणींकडे चालल्यात महिनाभर, तर "सुनेशी पटलं नाही" म्हणणाऱ्यांचा विषय तिथेच संपतो. तरी दोघी-तिघी बोलतीलच. दोन गुरुवार बोलतील.

आता जायचं कसं ते. कायमचं जाऊ नका. निदान आत्ता ठरवू नका. तुमच्या आठवणीतली मिरज नऊ वर्षांपूर्वीची आहे, आणि त्या तिघीही नऊ वर्षांनी मोठ्या झाल्यात. एकीचा गुडघा तर तुम्हीच लिहिलात, दुसरीचा मुलगा तिला बेंगलोरला नेणार असेल, तिसरीला रात्री दिसत नसेल म्हणून पत्ते दुपारी खेळावे लागतील. हे भीती घालायला सांगत नाहीये, पण मी असं बघितलंय की माणूस आठवणीतल्या गावाला परत जातं आणि मग गावावरच रुसतं. आधी एक महिना जा. हवा बघून जा, एप्रिल-मेचा उकाडा आणि जुलै-ऑगस्टचं पाणी टाळा, २०१९ चा ऑगस्ट तुमच्या सांगली-मिरजेकडे कोणी विसरलेलं नसेल. मला विचाराल तर नवरात्राच्या सुमारास जा, तुमच्या अंबाबाईच्या देवळात तेव्हा गाणं असतं, आणि तंतुवाद्यांच्या गावात राहिलेल्या माणसाला पुण्यात कितीही गाणं ऐकलं तरी ते आठवणारच. महिना नीट गेला तर मग वर्षातून दोनदा दोन-दोन महिने असं काहीतरी बसवा. महिने असे निवडा की शाळेच्या परीक्षांच्या वेळी तुम्ही पुण्यात असाल. माझ्या ओळखीत एक आजोबा गेली सहा वर्षं असंच करतायत, चार महिने गावी आणि आठ महिने मुलाकडे, आणि दोन्हीकडची माणसं त्यांची वाट बघतात.

मुक्काम तुमच्याच घरात करायचा असेल तर त्या आधी घर उघडून घ्या. नऊ वर्षं बंद घर म्हणजे पाण्याची टाकी, वायरिंग, छताची गळती, उंबऱ्याची वाळवी, हे सगळं कोणीतरी बघायला हवं, मुलाला दोन दिवस सोबत न्या, नातवालाही न्या, त्याला त्याच्या बापाचं लहानपण कुठे गेलं ते बघूदे. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या, कमोड नसेल तर बसवा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा. शेजारी एक किल्ली. रोज सकाळी अमुक वाजता मुलाला मेसेज, तो आला नाही तर त्यानं शेजारी फोन करायचा, एवढा साधा नियम ठेवला की त्याची निम्मी काळजी जाते. औषधं महिन्याभराची घेऊन जा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स पर्समध्ये. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची हेल्पलाईन आहे, १४५६७, फुकट आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, हे सगळ्याच वाचकांना सांगते.

प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, पण कोयना एक्सप्रेस थेट मिरजेला नेते आणि बर्थच्या गाडीचं तिकीट काढताना वय घातलं की खालचा बर्थ मिळायला सोपं जातं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट, म्हणजे सहा वर्षांनी तुम्ही फुकटात मिरजेला जाल. मी यंदापासून जातेय रत्नागिरीला, आणि खिडकीपाशी बसून आंबा घाट चढताना, कोल्हापूरला दुसऱ्या मैत्रिणीकडे जायचं असतं मला, अगदी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटतं.

घर विकण्याबद्दल मात्र मी जरा ठाम बोलणार आहे. या वर्षी विकू नका. मुलगा वाईट हेतूनं म्हणत नाहीये हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसतंय, बंद घर खरंच खराब होतं, त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण तुम्ही अजून ठरवताय की तुम्हाला कुठे राहायचंय, आणि विकल्यावर ठरवायला काही उरत नाही. वाटलं तर अर्धं घर भाड्यानं द्या, नर्सिंगला शिकणाऱ्या मुलींना द्या, मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत की भाडेकरू मिळायला अडचण नाही, घर वापरात राहील आणि रात्री हाक मारायला माणूस असेल. आणि हे ज्यांना ज्यांना लागू पडतं त्यांच्यासाठी सांगते, मुलांच्या नावावर घर करायचंच असेल तर वकिलाकडून कागद नीट करून घ्या आणि त्यात सांभाळण्याची अट लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तशी सोय आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मागता येते. अट कागदावर असली की भांडायची वेळच येत नाही सहसा.

राहता राहिलं पुणं. तिथे तुम्ही वर्षातले सात-आठ महिने तरी असणार, तर टोळी तिथेही लागेल. तुम्ही लिहिलंय या वयात नवीन मैत्री होत नाही. होते हो. वेळ लागतो आणि ती जुन्या मैत्रीसारखी नसते, हे खरं. मला एक मैत्रीण मिळाली एकाहत्तराव्या वर्षी, लॅबच्या रांगेत. दोघी फास्टिंगचं रक्त द्यायला गेलेल्या, नऊ वाजून गेले, नंबर येईना, दोघींच्या पोटात कावळे. रक्त दिल्यावर तिनं पिशवीतून पोह्यांचा डबा काढला आणि म्हणाली घ्या वो, तुमचा चेहरा पांढरा पडला. नागपूरची. तिचं जेवण मला अजून तिखट लागतं आणि माझी आमटी तिला गोड, पण सोमवारी ती आली नाही तर मला करमत नाही.

तुमच्या सोसायटीसारख्या मोठ्या सोसायट्यांमध्ये मी एक बघितलंय, नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या तिथे ढिगानं असतात, विजयवाड्याच्या, पाटण्याच्या, इंदूरच्या, कोणी सहा महिन्यांसाठी, कोणी कायमच्या. संध्याकाळी सगळ्या बागेत वेगवेगळ्या बाकावर बसलेल्या असतात कारण भाषा येत नाही म्हणून लाजतात. पत्त्याला भाषा लागत नाही! आपला मेंढीकोट उत्तरेकडे दहला पकड म्हणून खेळतात, दहा म्हणजे दहला, पकडायच्या दश्श्याच, नियम थोडे इकडेतिकडे. म्हणजे तुमच्या बागेत बसलेल्या पाटण्याच्या आजीला तो आत्ता येत असेल आणि तिलाही वाटत असेल की इथे चौथा हात कुठून आणायचा. सोसायटीच्या ग्रुपवर सुनेला एक ओळ टाकायला सांगा, संध्याकाळी पाच वाजता क्लब हाऊसमध्ये पत्ते, दहला पकडवाल्यांनी यावं. कोणी आलं नाही तर पुढच्या आठवड्यात परत टाका. हास्यक्लब सुरू झाला मुंबईत, १३ मार्च १९९५ ला, डॉक्टर मदन कटारिया आणि आणखी चौघं, बागेत उभे राहून हसत होते, पाचच माणसं. ते आज जगभर कुठे कुठे पोचलंय. तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर तिथेही जाऊन बघा, फेस्कॉम म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, त्याच्याशी जोडलेले असे संघ महाराष्ट्रभर आहेत, पहिल्या दिवशी कंटाळा येईल, तीनदा जा आणि मग ठरवा. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात, त्या परप्रांतातल्या आज्यांना बाजारापुरतं मराठी शिकवा ना, भाजी घेताना बोलता येईल एवढं. फळा नको, बाक पुरे.

आजोबांनीही हे वाचावं असं मला वाटतं, कारण त्यांची पत्रं मला कमी येतात पण येतात ती जास्त एकटी असतात. घरातली नाती, वाढदिवस, फोन सगळं बायकोच बघायची, ती गेल्यावर यांच्याकडे कोणाचे नंबरसुद्धा नसतात. त्यांना एवढंच सांगते, जुन्या ऑफिसातल्या एका माणसाला आज फोन करा, काम काही नाही, सहज केला म्हणा.

आणि ताई, मिरजेला जाईपर्यंतचे गुरुवार वाया घालवू नका. पाच वाजता व्हिडिओ कॉल लावा, तिकडे तिघी, इकडे तुम्ही चहाचा कप घेऊन. नातवाला म्हणावं लावून दे. दोन-तीनदा लावून देताना तो तिथेच घुटमळेल, तेव्हा त्याला खेळ शिकवा, त्याच्या आईबाबांना धरून चौघं होता की तुम्ही घरातल्या घरात. भिडू म्हणून त्यालाच समोर बसवा. बारा वर्षांच्या मुलाला बंद हुकूम, म्हणजे हुकमाचं पान झाकून ठेवून खेळणं, फार आवडतं, आणि ज्या दिवशी तो तुमचा भिडू होऊन सगळेच्या सगळे हात जिंकून बावन्नी करेल त्या दिवशी दार आपोआप उघडं राहील.

त्याच्यासाठी नवीन कॅट विकत घ्या, तो पुण्यातच ठेवा. मिरजेला जाताना मात्र नेऊ नका, तिथे जोकर आहे.